स्रोत येण्यापासून परत जाईपर्यंत

रुग्णालयातले एक्स-रे यंत्र, कर्करोगावर शेक देणारे कोबाल्ट यंत्र, लासलगावला कांद्या-आंब्यावर गॅमा किरण सोडणारे केंद्र आणि तारापूरची अणुभट्टी, या सगळ्यांवर भारतात देखरेख एकाच संस्थेची असते. ती संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. बोलण्यात सगळे त्याला एईआरबीच म्हणतात. अणुऊर्जा कायदा, १९६२ मधल्या तरतुदीनुसार १५ नोव्हेंबर १९८३ रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने ते स्थापन झाले. मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात. सगळ्याच देशांत अशी एकहाती व्यवस्था नाही. अमेरिकेत किरणोत्सारी पदार्थ अणुनियामक आयोगाकडे किंवा त्याच्याशी करार केलेल्या राज्याकडे असतात, एक्स-रे यंत्रांचा वापर राज्य सरकारे पाहतात आणि यंत्राची बांधणी कशी असावी हे अन्न व औषध प्रशासन ठरवते. भारतात मात्र दंतवैद्याच्या खुर्चीशेजारचे छोटे यंत्र आणि अणुवीज केंद्र यांच्या फायली शेवटी एकाच इमारतीत पोचतात.

एवढ्या पसाऱ्यावर मुंबईतून रोज नजर ठेवणे कोणाच्याच आवाक्यातले नाही. म्हणून २००४ च्या अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियमांनी प्रत्येक जागी जबाबदारी नावानिशी टाकली आहे. परवाना घेणारा मालक किंवा संस्थाप्रमुख उत्तरदायी असतो, आणि त्याने नेमलेला, मंडळाने मान्यता दिलेला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ, रोजचे काम पाहतो. सगळ्या व्यवस्थेची गंमत आणि अडचण या एका पदात साठलेली आहे. आरएसओचा पगार रुग्णालय देते, बढती रुग्णालय देते, रजाही तेच मंजूर करते. आणि त्याच रुग्णालयाकडून नियम मोडला गेला तर मंडळाला कळवायचे कामही त्याचेच. यंत्र बिघडले म्हणून दोन दिवस बंद ठेवावे असे त्याने म्हटले, की बाहेरगावाहून आलेले, धर्मशाळेत उतरलेले रुग्ण खोळंबतात आणि व्यवस्थापनाचा फोन येतो. या कामात मुरलेले लोक सांगतात की नियमावली पाठ असणे हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे वरिष्ठ डॉक्टरला भर गर्दीच्या वेळी 'थांबा' म्हणणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरबरोबर पुन्हा काम करणे.

मोठ्या रुग्णालयांत हे काम बहुधा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाकडे असते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, आणि देशभरातल्या रेडिओथेरपी विभागांतले कित्येक भौतिकतज्ज्ञ तिथूनच तयार झालेले आहेत. लहान ठिकाणी रेडिऑलॉजिस्ट किंवा तंत्रज्ञच आरएसओची मान्यता घेतो. अशा ठिकाणी नव्या अधिकाऱ्याला एक चौकशी हटकून ऐकावी लागते: सोनोग्राफीच्या खोलीलाही एईआरबीची परवानगी लागते का? लागत नाही, एमआरआयलाही लागत नाही, कारण दोन्हींत आयनीकारक किरणच नसतात. सोनोग्राफीवर जो कडक पहारा असतो तो गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्याचा, आणि तो पूर्ण वेगळ्या यंत्रणेचा विषय आहे. तरीही दोन्हींच्या फायली एकाच कपाटात ठेवलेल्या आणि एकमेकींत मिसळलेल्या सापडतात.

नियमनाची सुरुवात यंत्र येण्याच्या कितीतरी आधी, नकाशावर होते. रेडिओथेरपीची खोली कुठे असेल, तिच्या वर आणि खाली काय असेल, दारासमोर कोण बसेल, भिंत किती जाड असेल हे दाखवणारा आराखडा मंडळाने मंजूर केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरचा मुख्य झोत ज्या भिंतीवर पडतो ती काँक्रीटची, दोन मीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड लागते, आणि त्या काँक्रीटची घनता घनसेंटिमीटरला २.३५ ग्रॅम धरलेली असते. हिशेब कागदावर चोख असला तरी भिंत गवंडी बांधतो. काँक्रीट ओतताना मध्ये खंड पडला, व्हायब्रेटर नीट फिरला नाही, की आत पोकळ्या राहतात. बाहेरून गिलावा गुळगुळीत दिसतो. एसीचा पाइप सरळ भिंतीतून काढणे कंत्राटदाराला सोयीचे असते, भौतिकतज्ज्ञाला तो तिरका किंवा वळसा घेऊन जाणारा हवा असतो, कारण किरण सरळ जातात. त्यामुळे अनुभवी आरएसओ बांधकामाच्या काळात ऑफिसात कमी आणि साइटवर जास्त दिसतो. उभी राहिलेली भिंत नंतर दुरुस्त करायची म्हणजे शिशाचे पत्रे लावत बसायचे, आणि त्याचा खर्च कोणी करायचा यावर महिने जातात. इतके करूनही शेवटी यंत्र चालू करून सर्व्हे मीटर हातात घेऊन भिंतीच्या पलीकडे, छतावर, दाराच्या फटीशी एकेक जागा मोजावी लागते. या मोजणीतले आकडे मंडळाकडे गेले की मगच रुग्ण घेण्याचा परवाना मिळतो.

हा पहिला टप्पा सगळ्यात भक्कम असतो, कारण नियम इथे काँक्रीटमध्ये उतरलेला असतो. दार उघडे असेल तर किरण सुरूच होत नाहीत. आत कोणी राहिलेले नाही याची खात्री करणारे बटण शेवटच्या माणसाने दाबून बाहेर यावे लागते. कोणाच्या शिस्तीवर किंवा स्वभावावर हे अवलंबून नाही. साध्या एक्स-रेच्या बाबतीत मात्र इमारत एवढी मदतीला येत नाही. ज्या भिंतीवर मुख्य झोत पडतो ती ३५ सेंटिमीटर विटांची किंवा तेवढ्याच ताकदीची असावी, विखुरलेले किरण पडणाऱ्या भिंती २३ सेंटिमीटरच्या असाव्यात, दारा-खिडक्यांना १.७ मिलिमीटर शिशाइतके संरक्षण असावे, असे मंडळाचे मापदंड आहेत. पण तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना बऱ्याचदा जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर असतो, वर कुटुंब राहते, भिंत अर्ध्या विटेची असते आणि वाट पाहणाऱ्यांचे बाकडे नेमके एक्स-रे खोलीच्या दाराला टेकलेले असते. तपासणाऱ्याने ते बाकडे चार हात हलवायला सांगितले की डॉक्टरांना वाटते, एवढ्याशा गोष्टीचे काय! त्या बाकड्यावर बसणारी माणसे रोज बदलतात, शेजारी टेबल टाकून बसलेला कंपाउंडर बदलत नाही. आणि नियमांना काळजी असते ती त्याचीच.

काळजीचे मोजमाप मिलिसिव्हर्टमध्ये होते. किरणोत्सर्गात काम करणाऱ्याला सलग पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे सरासरी वर्षाला २०, ही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशी एखाद्या वर्षी ५० पर्यंत जाऊ देतात. भारतीय मंडळाने ती सूट ३० वर आणून ठेवली आहे. सर्वसाधारण नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १. गरोदर कर्मचारी स्त्रीने तसे कळवल्यावर पोटातल्या बाळाला नागरिकाइतकेच संरक्षण मिळते, म्हणून तिला बहुधा दुसऱ्या कामावर घेतले जाते. जमिनीतून, अवकाशातून, हवेतल्या रेडॉनमधून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आपोआप मिळतात, तेव्हा १ ही मर्यादा भीतीच्या रेषेहून बरीच खाली आहे. नव्या कर्मचाऱ्यांना हे समजावताना दोन टोके सांभाळावी लागतात. काहीजण इतके घाबरतात की बदली मागतात. काहीजण इतकी वर्षे काही झाले नाही म्हणून शिशाचा एप्रन खुंटीवरच ठेवतात.

कोणाला किती किरण मिळाले हे छातीवरच्या टीएलडी बॅजवरून कळते. या बॅजमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या बसवलेल्या असतात. एकीवर धातूचे आवरण, दुसरीवर प्लास्टिकचे, तिसरी उघडी. किरण पडले की चकतीत ऊर्जा साठून राहते. प्रयोगशाळेत ती तापवली की ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि तो प्रकाश मोजून मात्रा काढतात. तिन्ही चकत्यांच्या आकड्यांची तुलना केली की किरण कोणत्या प्रकारचे होते याचाही अंदाज येतो. भाभा केंद्राने हे तंत्र विकसित करून १९७५ पासून जुन्या फिल्म बॅजच्या जागी आणले. बॅज दर तीन महिन्यांनी बदलतात, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याची आयुष्यभराची नोंद राष्ट्रीय मात्रा नोंदवहीत एका क्रमांकाखाली जमत जाते. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो, निदान राहावा अशी अपेक्षा असते.

बॅज एप्रनच्या आत, छातीच्या पातळीवर लावायचा. प्रत्यक्षात तो कुठे कुठे सापडतो याची यादी या क्षेत्रातल्या कोणालाही तोंडपाठ असते: एप्रनच्या खिशात, पर्समध्ये, गाडीच्या डॅशबोर्डवर, धुवायला टाकलेल्या कोटात. एप्रनला अडकवलेला बॅज एक्स-रे खोलीतच खुंटीवर टांगून माणूस घरी गेला, तर बॅजला मात्रा मिळत राहते आणि तिमाहीच्या शेवटी त्याच्या नावापुढे मोठा आकडा येतो. एका तिमाहीत १० मिलिसिव्हर्टच्या वर आकडा गेला की चौकशी लागते. आरएसओने संबंधिताला बोलवायचे, त्या तीन महिन्यांत किती आणि कोणती कामे केली, बॅज कुठे होता, रजा किती हे विचारायचे, आणि आकडा खरा की बॅजला एकट्याला मिळालेला, याबद्दल लेखी मत द्यायचे. फिल्मच्या काळात हे थोडे सोपे होते. एकाच जागी पडून राहिलेल्या बॅजवर आवरणाची सावली रेखीव उमटायची. चकतीवर सावली पडत नाही, म्हणून माणसाच्या सांगण्यावर जास्त विसंबावे लागते. खरीच मोठी मात्रा मिळाल्याचा संशय असेल तर रक्ताच्या पेशींतल्या गुणसूत्रांची तपासणी करून पाहता येते. गुणसूत्रे खुंटीवर टांगता येत नाहीत.

मोठा आकडा आला की धावपळ होते, पण जाणते लोक शून्याकडे जास्त बारकाईने पाहतात. बहुतेक कर्मचाऱ्यांच्या नावापुढे शून्य किंवा शून्याजवळचा आकडा येतो आणि तो बरोबरही असतो, कारण भिंतीआडून काम करणाऱ्याला फारसे काही मिळत नाही. कॅथलॅबची गोष्ट निराळी. तिथे हृदयरोगतज्ज्ञ रुग्णाच्या अगदी जवळ उभा राहून, झोत चालू असताना हात चालवतो. एक अवघड अँजिओप्लास्टी तास-दोन तास चालते. अशा डॉक्टरच्या नावापुढे वर्षानुवर्षे शून्य येत असेल आणि त्याच्यासोबतच्या नर्सच्या नावापुढे थोडेफार काही येत असेल, तर अर्थ उघड आहे: डॉक्टरसाहेबांचा बॅज ड्रॉवरमध्ये आहे. नियम मोडल्याचा पुरावा इथे एखाद्या मोठ्या आकड्यात सापडत नाही, तो कोऱ्या कागदातून वाचावा लागतो. हे बोलून दाखवणे मात्र आरएसओला जड जाते. कॅथलॅब रुग्णालयाला पैसा मिळवून देते, बॅज मिळवून देत नाही.

रुग्णाच्या बाबतीत नियमांची दिशाच बदलते. रुग्णाला किती किरण द्यावेत यावर कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही, आणि ते योग्यच आहे. कर्करोगाची गाठ मारायला लागणारी मात्रा कोणत्याही कर्मचाऱ्याच्या मर्यादेच्या हजारो पट असते. रुग्णासाठी दोनच कसोट्या उरतात. तपासणी खरोखर गरजेची आहे का, आणि ती गरज भागवण्यापुरतेच किरण वापरले का. छातीच्या साध्या एक्स-रेत मिलिसिव्हर्टचा शंभरातला काही भाग मिळतो. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये आठ-दहा मिलिसिव्हर्ट. पण पोट दुखते म्हणून आलेल्याला सीटी लिहून द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतो, मंडळ नाही. मंडळ यंत्राची तपासणी दोन वर्षांनी करायला लावू शकते, मॉडेलला मान्यता असल्याशिवाय विक्री रोखू शकते, शिकलेला तंत्रज्ञच यंत्र हाताळेल असा आग्रह धरू शकते. चिठ्ठीवरच्या एका ओळीला हात लावू शकत नाही. त्यामुळे एका शहरात सकाळी काढलेली सीटी संध्याकाळी दुसऱ्या रुग्णालयात, आमच्या यंत्रावर हवी म्हणून, पुन्हा काढली जाते. दोन्ही यंत्रे परवानाधारक, दोन्ही तंत्रज्ञ पात्र, दोन्ही कागद नियमात बसणारे.

जिथे किरणोत्सारी पदार्थ शरीराच्या आत जातो तिथे नियम तपशिलात शिरतात, आणि त्यातले बरेच तपशील कुठल्या ना कुठल्या अपघातातून आलेले आहेत. ब्रेकीथेरपीत तांदळाच्या दाण्याएवढा इरिडियम-१९२ चा स्रोत तारेच्या टोकाला बसवून नळीतून गाठीपर्यंत नेतात. नवा असताना तो दहा क्युरीच्या आसपास असतो आणि ७४ दिवसांत निम्मा होतो, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. १९९२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना गावी असाच स्रोत तारेवरून तुटून एका वृद्ध रुग्णाच्या शरीरातच राहिला. भिंतीवरचा मॉनिटर धोक्याचा इशारा देत होता. तो आधीही खोटे इशारे द्यायचा, म्हणून कर्मचाऱ्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही आणि हातातल्या मीटरने रुग्ण तपासला नाही. रुग्णाला शुश्रूषागृहात परत पाठवले गेले. काही दिवसांत मृत्यू झाला. स्रोत सापडला तो दवाखान्याचा कचरा जिथे जाळायला नेला होता तिथल्या प्रवेशद्वारावरच्या यंत्रामुळे. आज भारतातही प्रत्येक ब्रेकीथेरपीनंतर रुग्णाभोवती सर्व्हे मीटर फिरवून आकडा वहीत लिहिला जातो. खोलीत शिशाचा डबा आणि लांब चिमटा तयार असतो, आणि तार अडकली तर कोणी आत जायचे, कोणी सेकंद मोजायचे याची रंगीत तालीम होते. रोज पंधरा रुग्ण असले की ही मीटर फिरवण्याची कृती यांत्रिक होते आणि कधी कधी आकडा मीटरकडे न बघताच लिहिला जातो. वहीत सलग दोन पाने एकाच पेनाने, एकाच तिरकसपणाने लिहिलेली दिसली की जुना आरएसओ काही न बोलता पुढच्या रुग्णाच्या वेळी स्वतः येऊन उभा राहतो.

थायरॉइडच्या कर्करोगात रुग्णाला आयोडीन-१३१ तोंडावाटे देतात. काही दिवस रुग्णच किरणांचा स्रोत बनतो. त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याचे मूत्र थेट गटारात न सोडता साठवण टाक्यांत अडवतात, आणि आठ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे काही आठवड्यांत ते सोडण्याजोगे होते. रुग्णापासून एक मीटरवर मात्रा ताशी ५० मायक्रोसिव्हर्टच्या खाली आली की घरी सोडता येते. सोबत सूचनांचा कागद: लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून दूर राहा, वेगळे झोपा, गर्दीचा प्रवास टाळा. मुंबईतल्या रुग्णालयातून मराठवाड्यातल्या गावी निघालेल्या माणसाकडे पर्याय असतो तो एसटीचा किंवा रेल्वेच्या जनरल डब्याचा. तिथे शेजारच्याशी अंतर अर्धा मीटरही नसते, आणि अंतर निम्मे झाले की मात्रा साधारण चौपट होते. घरी खोली एकच असते. कागदावरच्या सूचना विकसित देशांतल्या घरांचा विचार करून बनलेल्या आहेत हे आरएसओला कळते. म्हणून तो निघायच्या दिवसाची मोजणी झाल्यावर घरी कोण कोण आहे, गाव किती लांब, कशाने जाणार हे विचारत बसतो, आणि आकडा मर्यादेत असूनही कधी एक दिवस जास्त ठेवून घ्यायची शिफारस करतो. खाटेची वाट पाहणारी यादी मोठी असते. ती शिफारस दर वेळी मानली जातेच असे नाही.

पूर्वी हे सगळे अर्ज, अहवाल, परवाने टपालाने जायचे. आता ते ई-लोरा नावाच्या संकेतस्थळावरून होते: संस्थेची नोंद, प्रत्येक यंत्राची आणि स्रोताची नोंद, आरएसओचे नाव, कर्मचाऱ्यांची पात्रता, वार्षिक सुरक्षा अहवाल. आरएसओने राजीनामा दिला आणि नवा नेमला नाही, तर नवा स्रोत मागवण्याचा अर्जच पुढे सरकत नाही. व्यवस्थापनाला आरएसओची किंमत कळते ती बहुधा याच वेळी. निरीक्षक येतात ते कधी कळवून, कधी अचानक. ते काय पाहतात यापेक्षा ते कुठून सुरुवात करतात हे लक्षात राहण्यासारखे असते. कसलेला निरीक्षक आधी फाइल मागत नाही, आधी तंत्रज्ञाला विचारतो की सर्व्हे मीटर कुठे आहे. तो आणायला किती वेळ लागला आणि त्याची बॅटरी चालू होती का, एवढ्यावरून बाकीची तपासणी किती खोल करायची हे ठरते.

पण निरीक्षक पोचतो कुठपर्यंत, हा खरा कच्चा दुवा. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये मंडळाच्या कामावर अहवाल दिला. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी फक्त ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव यंत्रे नियमांच्या बाहेर चालू होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निर्देशानुसार प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षेचे संचालनालय व्हायला हवे होते. अहवालाच्या वेळी ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये झालेले होते. नियमभंगाला दंड होता कमाल ५०० रुपये. एक्स-रेच्या दोन फिल्मांच्या शुल्कात तो भरून निघाला असता. शिवाय ज्या सरकारी खात्याच्या केंद्रांवर देखरेख ठेवायची त्याच व्यवस्थेच्या अखत्यारीत मंडळ असल्याची जुनी टीका होतीच. २०११ मध्ये स्वायत्त प्राधिकरणाचे विधेयक संसदेत आले आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर २०१४ मध्ये बाद झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याची जागा घेणारा 'शांती' कायदा संमत केला, त्यात मंडळाला वैधानिक दर्जाची तरतूद आहे. मधल्या काळात ऑनलाइन नोंदणीमुळे हजारो दवाखाने यादीत आले हे खरे. त्यातले बरेच भीतीने आले नाहीत, विमा कंपन्या आणि रुग्णालयांच्या मानांकन समित्या परवान्याची प्रत मागू लागल्या म्हणून आले. नियामकाला असे मित्र मिळणे वाईट नाही.

स्रोताचा शेवट हा सगळ्यांत दुर्लक्षित टप्पा, आणि समाजाला झालेली सर्वांत मोठी इजा याच टप्प्यातून आलेली आहे. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यात सोडून दिलेले सीझियम-१३७ चे शेक यंत्र भंगारवाल्यांनी फोडले. चार माणसे दगावली आणि लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये तेच घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले कोबाल्ट-६० चे गॅमा सेल १९८५ पासून वापरात नव्हते; फेब्रुवारीत ते जुन्या सामानाबरोबर लिलावात गेले. कोबाल्टचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, म्हणजे पडून राहिलेल्या पंचवीस वर्षांत त्याची ताकद सत्ताविसाव्या हिश्श्यावर आली होती. तेवढीही पुरेशी ठरली. एका व्यापाऱ्याने चकचकीत तुकडा पाकिटात ठेवला होता. सातजणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला. विभागात ते यंत्र वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर यंत्रात काय आहे ही माहितीही निघून गेली. जागा रिकामी करायला निघालेल्या समितीला ते लोखंडच वाटले.

महाराष्ट्राचाही या प्रकरणांशी संबंध आलेला आहे. २००८ च्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले. बटणांचे पोलाद भारतातून आलेले होते आणि माग काढताना तो खोपोलीजवळच्या ओतशाळेपर्यंत पोचला. कुठल्या तरी भंगारातला स्रोत तिथल्या भट्टीत वितळला होता. बटणे जोडणाऱ्या फ्रेंच कारखान्यातल्या सुमारे वीस कामगारांना एक ते तीन मिलिसिव्हर्ट मिळाले. भारतीय एक्स-रे विभागात एवढ्या आकड्याकडे कोणी मान वर करून पाहिले नसते. पण ते कामगार किरणांचे कर्मचारी नव्हते, त्यांची मर्यादा नागरिकाची, म्हणजे १ होती. म्हणून फ्रान्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ती घटना आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर दुसऱ्या पातळीची ठरवली. त्यानंतर ओतशाळांच्या आणि बंदरांच्या फाटकावर किरण टिपणारी यंत्रे बसवण्याचा आग्रह वाढला.

म्हणूनच रुग्णालयातला स्रोत निरुपयोगी झाला की तो मंडळाच्या परवानगीशिवाय जागचा हलवता येत नाही. कोबाल्ट यंत्राचा स्रोत पाच-सात वर्षांत इतका मंदावतो की एका रुग्णाला दुप्पट वेळ झोपवावे लागते. तेव्हा तो बदलतात किंवा यंत्रच मोडीत काढतात. खरेदी करतानाच जुना स्रोत पुरवठादाराला परत जाईल असा करार केलेला असतो. मान्यता असलेले लोक तो शिशाच्या जाड पेटीत काढतात, पेटीवर वाहतुकीची चिन्हे लागतात, प्रवासाची कागदपत्रे गाडीत ठेवली जातात, आणि पोच आल्यावर ई-लोरावरच्या यादीतून ती नोंद उतरते. इथे बरेचजण काम संपले समजतात. पण कित्येक कोबाल्ट यंत्रांच्या डोक्यात शिशाबरोबर क्षीण युरेनियमचे कवच असते. स्रोत गेला तरी ते उरते, आणि ते भंगारात विकता येत नाही. त्याची वेगळी परवानगी, वेगळी पाठवणी. तोवर रिकामी खोली कुलूप लावून, फलक तसाच ठेवून सांभाळावी लागते, आणि त्या खोलीत नवे यंत्र लवकर आणण्याची घाई झालेल्या व्यवस्थापनाला आरएसओ दर आठवड्याला तेच उत्तर देत राहतो. कवच गेले, मोकळ्या खोलीची मोजणी झाली, आकडे नैसर्गिक पातळीवर आले, की मग मंडळाकडून पत्र येते आणि त्या यंत्राच्या नावाने उघडलेली फाइल बंद होते.